ज्या फाइलला हात लावायची भीती वाटते, तिथून टेस्ट सुरू करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तिघांची टीम, रेडिमेड कपड्यांच्या दुकानांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर, मागे जँगो (पायथन भाषेतली वेब फ्रेमवर्क) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस), पुढे ब्राउझरमध्ये थोडं जावास्क्रिप्ट. अडीच वर्षांचा कोड आणि त्यात एकही ऑटोमेटेड टेस्ट, म्हणजे कोड बरोबर चालतो का हे आपोआप तपासणारा छोटा प्रोग्राम, नाही. प्रत्येक अपडेटनंतर दोन-तीन दुकानांतून फोन येतात आणि रात्री बसून जुनी आवृत्ती परत चढवावी लागते. मालक म्हणतात, टेस्टसाठी वेगळा वेळ मिळणार नाही. अशा वेळी टूल कोणतं घ्यावं, कव्हरेज, म्हणजे टेस्ट पोचतात तेवढा कोड, किती टक्के असावं आणि सुरुवात कुठून करावी, हे तुम्ही विचारलंय.

तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलंय, मला ते या तिन्ही प्रश्नांपेक्षा महत्त्वाचं वाटतं: "बिलाच्या हिशोबाच्या फाइलला आता आमच्यापैकी कोणीच हात लावत नाही." खरं दुखणं हेच आहे. कोड चुकतो हे तर आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे चुकला की नाही हे दुकानदाराचा फोन आल्याशिवाय तुम्हाला कळत नाही. त्यामुळे हात आखडतो, मग नवीन गरज आली की मूळ फंक्शन सोडून बाजूला दुसरं फंक्शन लिहिलं जातं, आणि वर्षभरात एकाच हिशोबाच्या तीन आवृत्त्या तयार होतात. टेस्ट हव्यात त्या ही भीती घालवायला. म्हणून माझं उत्तर एकच आहे: जिथे हात लावायची भीती वाटते तिथूनच सुरुवात करा. सोपं म्हणून लॉगिनच्या पानापासून करू नका.

आता यातलं किती तुम्हाला लागू पडेल, हे परिस्थितीवर अवलंबून आहे. तीन महिन्यांनी टाकून द्यायचा डेमो असता तर मी म्हटलं असतं, दहा गोष्टींची यादी कागदावर लिहा, अपडेटआधी हाताने तपासा आणि पुढे चला. नुसती माहितीची वेबसाइट असती तरी तेच. पण तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये लोकांचे पैसे आहेत, सरकारला भरायचा कर आहे आणि कोड अजून काही वर्षं जगणार आहे. या तीन गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे टेस्ट लिहाव्यात की नाही हा प्रश्नच उरत नाही. गेली सोळा वर्षं मी पुण्यात अशाच दोन ते सहा जणांच्या टीमबरोबर काम करतोय. पुढचं सगळं त्या अनुभवातलं आहे. पन्नास जणांच्या टीमचं गणित वेगळं असतं.

टेस्ट लिहिण्याआधी एक काम आहे. एखादा कोरा लॅपटॉप घ्या किंवा स्वस्तातलं रिकामं व्हर्च्युअल मशीन घ्या, रेपॉझिटरी (कोडचं सामायिक भांडार) क्लोन करा, म्हणजे त्याची प्रत उतरवा, आणि एका कमांडने प्रोजेक्ट उभा राहतो का बघा. मी ज्या ज्या टीमला हे करायला लावलं, तिथे पहिल्या वेळी तो उभा राहिला नाही. कुठे सेटिंगची फाइल फक्त सीनिअरच्या लॅपटॉपवर असते, कुठे पीडीएफ छापणारी लायब्ररी कोणीतरी दोन वर्षांपूर्वी सर्व्हरवर हाताने टाकलेली असते, कुठे लायब्ररीच्या आवृत्त्याच बांधलेल्या नसतात आणि आज नवीन आवृत्ती उतरते. यात एक-दोन दिवस जातील. ते जाऊ द्या. जो प्रोजेक्ट कोऱ्या मशीनवर उभा राहत नाही, त्याच्या टेस्टही फक्त एकाच माणसाच्या लॅपटॉपवर चालतात, आणि तो माणूस रजेवर गेला की बंद पडतात. प्रोजेक्ट उभा करायला एक कमांड आणि सगळ्या टेस्ट चालवायला एक, एवढं झालं की पाया झाला.

टूलवर फार वेळ घालवू नका. पायथनला पायटेस्ट आणि त्याचं जँगोचं प्लगइन, ब्राउझरसाठी पुढे लागेल तेव्हा प्लेराइट. बाकी काही आज नको. एका बाबतीत मात्र आग्रह धरेन: टेस्टचा डेटाबेसही पोस्टग्रेसच ठेवा. वेगासाठी एसक्यूलाइट हा हलका डेटाबेस वापरायचा मोह होतो, पण तो तुम्हाला खोटा दिलासा देईल. साधं उदाहरण घ्या. जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिलाचा क्रमांक जास्तीत जास्त १६ अक्षरांचा असावा लागतो. तुम्ही कॉलमला १६ ची मर्यादा घातली, दुकानाचा कोड, वर्ष आणि नंबर जोडता जोडता क्रमांक १८ अक्षरांचा झाला. एसक्यूलाइट कॉलमची लांबी तपासतच नाही, टेस्ट हिरवी, म्हणजे पास (नापास ती लाल). जँगोही नुसतं सेव्ह करताना ती मर्यादा तपासत नाही. पोस्टग्रेस मात्र तिथेच एरर देतो, आणि ही एरर तुम्हाला पहिल्यांदा दिसते ती दुकानात, गिऱ्हाईक समोर उभं असताना.

आता त्या हिशोबाच्या फाइलकडे वळू. मी न बघताही अंदाज करतो की बिलाचा हिशोब व्ह्यूच्या, म्हणजे जँगोत पानाची विनंती हाताळणाऱ्या कोडच्या, आत अडकलेला आहे: तिथेच डेटाबेसमधून माल काढला जातो, तिथेच सवलत, तिथेच कर, तिथेच सेव्ह. असा कोड टेस्ट करायला अवघड जातो म्हणून लोक पहिल्याच दिवशी कंटाळून सोडून देतात. पहिलं पाऊल म्हणून फक्त हिशोब बाहेर काढा. एक साधं फंक्शन: मालाच्या ओळी, सवलत आणि बिलाची तारीख आत, कर आणि एकूण रक्कम बाहेर. त्याला डेटाबेस माहीत नको, आजची तारीख माहीत नको, लॉगिन कोणाचं ते माहीत नको. कोड सुधारू नका, नुसता हलवा. सुधारायची घाई इथे बाधते, कारण अजून तुमच्याकडे पकडायला टेस्ट नाही.

मग त्या फंक्शनला खरे प्रश्न विचारा. तुमच्या धंद्यात ते प्रश्न आयते आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांचा जीएसटी बदलला. त्याआधी नगाला १,००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के होता. आता २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के. म्हणजे टेस्टसाठी नेमके आकडे कोणते? बरोबर १,०००, त्याहून एक पैसा जास्त, बरोबर २,५००, त्याहून एक पैसा जास्त, आणि हे सगळे २१ सप्टेंबर आणि २२ सप्टेंबर या दोन्ही तारखांना. चूक कायम काठावर असते. १,७०० रुपयांच्या शर्टाच्या दहा टेस्ट लिहिल्या तरी "पर्यंत" आणि "पेक्षा कमी" यातला घोळ सापडणार नाही.

सवलतीची गंमत आणखी खोल आहे. कर वेगळा धरून २,७०० रुपयांचा कुर्ता, बिलावर १० टक्के सूट. सूट वजा जाता किंमत होते २,४३०, म्हणजे दर ५ टक्के आणि कर १२१.५० रुपये. पण कोडने आधी दर ठरवला आणि मग सूट दिली, तर दर लागतो १८ टक्के आणि कर होतो ४३७.४० रुपये. एका कुर्त्यामागे ३१५ रुपये ९० पैशांचा फरक. हे दोन ओळींच्या क्रमाचं काम आहे, आणि वरवर वाचताना दोन्ही क्रम बरोबरच वाटतात. टेस्ट मात्र एका ओळीची: २,७००, सूट १०, कर १२१.५०. पायटेस्टमध्ये पॅरामेट्राइझ (एकच टेस्ट वेगवेगळ्या आकड्यांवर चालवायची सोय) वापरलं तर अशा तीस ओळींचं कोष्टक एकाच टेस्टमध्ये बसतं, आणि ते कोष्टक तुमच्या सीएला छापून दाखवता येतं. मी खरंच दाखवतो. एका सीएने पेन्सिलीने दोन आकड्यांवर खुणा केल्या होत्या, आणि दोन्ही ठिकाणी आमचंच चुकलं होतं.

यातला एक नियम मी कधी मोडत नाही: अपेक्षित उत्तर कोडला विचारायचं नाही. ते कॅल्क्युलेटरवर, कायद्याच्या नियमावरून किंवा सीएकडून यावं. कोड चालवून जे आलं ते टेस्टमध्ये चिकटवलं, तर टेस्ट चुकीचीच राखण करत बसते. हल्ली एआयकडून टेस्ट लिहून घेतात त्यांना मी हेच सांगतो. कोष्टकाच्या आणखी ओळी सुचवायला, विसरलेल्या काठाच्या किमती काढून द्यायला त्याचा उपयोग होतो. पण कोड दाखवून "याच्या टेस्ट लिही" म्हटलं की तो बहुतेक वेळा आहे ते वागणंच बरोबर धरून चालतो.

राउंडिंगबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्या फोनपैकी निदान एक तरी यातून आला असणार. २५० रुपयांचं कापड, ५ टक्के कर. सीजीएसटी ६.२५, एसजीएसटी ६.२५, एकूण २६२.५०. दुकानदाराला पूर्ण रुपयात रक्कम हवी, तो म्हणणार २६३. ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टचं मॅथ राउंडही २६३ म्हणतं. पण पायथनचं राउंड २६२ देतं. पायथन ३ मध्ये बरोबर अर्ध्यावरची रक्कम जवळच्या सम संख्येकडे जाते. म्हणजे पडद्यावर २६३ आणि छापलेल्या बिलावर २६२. आता २७० रुपयांचा माल घ्या: एकूण २८३.५०, आणि दोन्हीकडे २८४. म्हणून ही चूक वर्षानुवर्षं लपून राहते. ती दरवेळी होत नाही, रक्कम नेमकी पन्नास पैशांवर आली आणि आधीचा रुपया सम असला तरच होते. तपासायला बसलं की सापडत नाही, आणि "नेट गेलं असेल, रिफ्रेश करा" असं सांगून फोन ठेवला जातो.

डेसिमल (दशांश नेमका साठवणारा प्रकार) वापरलं म्हणजे सुटलो, असंही नाही. पैशाला फ्लोट (दशांश अंदाजे साठवणारा प्रकार) नकोच, डेसिमलच हवं, पण पायथनच्या डेसिमलची ठरलेली पद्धतही हीच, सम संख्येकडे झुकणारी आहे. क्वांटाइझ करताना, म्हणजे ठरलेल्या दशांशावर आणताना, राउंड हाफ अप (अर्धा असेल तर वर) असं स्पष्ट सांगावं लागतं. जीएसटी कायद्याचं कलम १७०ही पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर पुढचा रुपया धरा असंच सांगतं. तेव्हा राउंडिंगचं एकच फंक्शन ठेवा, त्याच्यावर २६२.५० आणि २८३.५० या दोन्ही टेस्ट ठेवा, आणि सगळ्या कोडमध्ये शोधून बाकीचे राउंड काढून टाका. जावास्क्रिप्टमधला हिशोब तर पूर्णच काढा, पडद्यावरची रक्कम सर्व्हरकडून येऊ द्या. दोन ठिकाणी हिशोब असेल तर दोन्हीकडे टेस्ट लिहूनही ते कधीतरी वेगळे होणारच.

आणि एक सवय लावून घ्या: टेस्ट हिरवी झाली की लगेच कोड मुद्दाम बिघडवा. "२,५०० पर्यंत" चं "२,५०० पेक्षा कमी" करा, टेस्ट लाल होते का बघा, मग पूर्ववत करा. अर्धं मिनिट लागतं. कधीच लाल न झालेल्या टेस्टवर माझा विश्वास नाही. मी अशा टेस्ट बघितल्या आहेत की ज्यात तुलनेची ओळच राहून गेली होती आणि त्या दोन वर्षं इमानाने हिरव्या होत होत्या.

आता जुना कोड. अडीच वर्षांत त्यात काय काय विशेष नियम शिरले आहेत हे तुम्हालाही पूर्ण माहीत नसेल. त्यासाठी मी जुनी बिलं वापरतो. प्रॉडक्शनमधली, म्हणजे दुकानांत प्रत्यक्ष चालणाऱ्या सिस्टिममधली, तीनशे बिलं काढा: मोठी, छोटी, सवलतीची, परतीची, परराज्यातली, दर बदलण्याआधीची आणि नंतरची. गिऱ्हाइकांची नावं, मोबाईल, जीएसटी नंबर पुसून टाका, यात हयगय नको, तो लोकांचा खाजगी तपशील आहे आणि रेपॉझिटरीत जाता कामा नये. मग टेस्ट एवढंच करते: प्रत्येक बिल पुन्हा हिशोबातून काढते आणि तेव्हा छापलेल्या रकमेशी ताडून बघते. इथे अपेक्षित उत्तर कोडकडूनच आलेलं आहे, म्हणजे वरचा माझाच नियम मी मोडतोय असं वाटेल. पण या टेस्टचं काम वेगळं आहे. बरोबर काय ते ती सांगत नाही, बदललं काय ते सांगते. जुन्या बिलांत चूक सापडली तर गुपचूप दुरुस्त करू नका, यादी करा आणि दुकानदाराच्या सीएशी बोला. ते बिल सरकारदरबारी जसं गेलं तसं गेलेलं आहे.

याचा फायदा मी २०२५ च्या दरबदलाच्या वेळी अगदी जवळून बघितला. एका टीमने कराचा दर मालाच्या मास्टरमध्ये, म्हणजे मालाच्या मूळ यादीत, ठेवला होता. २२ सप्टेंबरला त्यांनी तिथले आकडे बदलले. ऑगस्टमध्ये १,८०० रुपयांचा कुर्ता १२ टक्क्यांनी २,०१६ ला विकला गेला होता. ऑक्टोबरमध्ये तो परत आला तेव्हा सॉफ्टवेअरने क्रेडिट नोट (परतीची पावती) काढली १,८९० ची, कारण आता दर ५ टक्के होता. परतीच्या मालाला मूळ बिलाचाच दर लागतो. काउंटरवर गिऱ्हाईक जुनी पावती हातात धरून १२६ रुपये मागत होतं, आणि त्याचं बरोबर होतं. दुसऱ्या एका टीमचं डिझाइनही तसंच होतं, पण त्यांच्याकडे जुन्या बिलांची टेस्ट होती. दर बदलल्याबरोबर एका मिनिटात ४१ बिलं लाल झाली. त्यांनी त्याच संध्याकाळी दराच्या टेबलाला "या तारखेपासून" असा कॉलम जोडला. दोन्ही टीम सारख्याच हुशार होत्या.

तारखेवरून आठवलं. हिशोबाच्या आत घड्याळ बघू नका, तारीख बाहेरून द्या, असं वर म्हटलं त्यामागे एक प्रसंग आहे. चोवीस तास उघड्या असणाऱ्या एका औषधाच्या दुकानाचं बिलिंग आम्ही करत होतो. १ एप्रिलला रात्री १२ वाजून ४० मिनिटांनी काढलेलं बिल गेल्या आर्थिक वर्षाच्या मालिकेत गेलं. कारण जँगोची आत्ताची वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, येते, आणि तिची नुसती तारीख काढली की ती यूटीसीची तारीख असते. तिकडे अजून ३१ मार्चची संध्याकाळ होती, ७ वाजून १० मिनिटं. आपली वेळ साडेपाच तास पुढे, त्यामुळे ही चूक रोज मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतच होते आणि दिवसा काम करणाऱ्या माणसाला कधीच दिसत नाही. जँगोचं लोकलडेट वापरलं की प्रश्न सुटतो. पण ते प्रत्येक ठिकाणी वापरलंय की नाही हे टेस्टच सांगेल: वेळ १ एप्रिल, ००:४०, अपेक्षित मालिका नवीन वर्षाची. तुमची दुकानं रात्री बंद असतील, तरी रात्री चालणारे रिपोर्ट आणि बॅकअप आहेतच.

आणखी एक टेस्ट मराठी नावं साठवणाऱ्या प्रत्येकाने लिहावी अशी आहे. "कऱ्हाड" टाइप करा. यातला ऱ्ह तीन प्रकारे येऊ शकतो: ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, साध्या र ला खाली नुक्ता जोडून, किंवा र चा पाय मोडून त्यापुढे झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह घालून. कोणत्या कीबोर्डने काय टाकलं यावर ते ठरतं. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, डेटाबेसला मात्र तीन वेगळी गावं वाटतात. शोधात गिऱ्हाईक सापडत नाही, दुकानदार नवीन खातं उघडतो, आणि उधारी दोन खात्यांत विभागली जाते. युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगळी रूपं एकसारखी करायची ठरलेली पद्धत) पहिले दोन एकत्र आणतं, तिसरा तसाच राहतो, तो स्वतःहून बदलून घ्यावा लागतो. तीन नावं साठवा, एकच शोधा, तिन्ही आली पाहिजेत. तुमच्याकडे कऱ्हाडची दुकानं नसतील तरी वऱ्हाडे, गोऱ्हे अशा आडनावांची गिऱ्हाइकं असतीलच.

ब्राउझरमधून बटणं दाबणाऱ्या टेस्टबद्दल थोडक्यात. त्या हव्यात, पण तीन-चारच. लॉगिन करून बिल काढून पीडीएफ उघडणं, माल परत घेणं, उधारी जमा करणं. बाकी सगळं खालच्या पातळीवर तपासा, कारण या टेस्ट हळू असतात आणि लहरी होतात. "तीन सेकंद थांब" अशी ओळ दिसली की काढून टाका. प्लेराइट बटण दिसेपर्यंत स्वतः थांबतं. आणि कुठलीही टेस्ट कारण नसताना कधी लाल, कधी हिरवी व्हायला लागली, तर ती त्याच दिवशी दुरुस्त करा नाहीतर काढून टाका. "ती होतेच लाल, पुन्हा चालव" हे वाक्य टीममध्ये एकदा रुळलं की खऱ्या लाल टेस्टकडेही कोणी बघत नाही. मी दोन चांगल्या टीमच्या टेस्ट याच एका कारणाने सडलेल्या बघितल्या आहेत.

एसएमएस आणि ऑनलाइन पेमेंट यांना टेस्टमधून खरा फोन लावू नका. त्यांच्याभोवती तुमचं एक छोटं आवरण लिहा आणि टेस्टमध्ये त्याजागी नकली द्या. पण नकली वस्तूंचा अतिरेकही नको. डेटाबेस नकली, हिशोब नकली, वेळ नकली असं झालं की टेस्ट फक्त तुमच्या नकलांची परीक्षा घेते.

हे सगळं आपोआप चालायला हवं. गिटहब अॅक्शन्स, म्हणजे कोड चढवला की टेस्ट आपोआप चालवणारी गिटहबची सोय, तुमच्यासाठी पुरेसं आहे. खाजगी रेपॉझिटरीला फुकटच्या प्लॅनमध्ये महिन्याला २,००० मिनिटं मिळतात. टेस्टला चार मिनिटं लागत असतील, दिवसाला पंधरा वेळा पुश होत (कोड रेपॉझिटरीत चढवला जात) असेल आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरले, तर १,५०० मिनिटं होतात. नऊ मिनिटं लागायला लागली की हिशोब कोलमडतो, शिवाय नऊ मिनिटं कोणी वाट बघत नाही. अडचण एक आहे: फुकटच्या प्लॅनमध्ये खाजगी रेपॉझिटरीला ब्रांच प्रोटेक्शन मिळत नाही, म्हणजे लाल असतानाही कोड मुख्य ब्रांचमध्ये घालता येतो. म्हणून मी छोट्या टीमला सांगतो की डिप्लॉयच्या, म्हणजे कोड सर्व्हरवर चढवायच्या, स्क्रिप्टमध्येच टेस्ट चालवा, आणि एक जरी लाल असली तरी स्क्रिप्टने पुढे जायचं नाही. तुम्ही सध्या सर्व्हरवर जाऊन हाताने पुल करता, म्हणजे नवा कोड उतरवता, असं लिहिलंय, ते पहिल्याच आठवड्यात बंद करा. "आज एवढं एक जाऊ दे" ही पळवाट हाताच्या डिप्लॉयमध्ये असते, आणि ज्या रात्री घाई असते त्याच रात्री ती वापरली जाते.

कव्हरेजचा आकडा विचारलात, मी तो देणार नाही. मालकांना ७० टक्के सांगितलं की टीम सोप्या फाइलींच्या टेस्ट लिहून ७० गाठते आणि हिशोबाची फाइल तशीच राहते. कव्हरेजचा रिपोर्ट मी उलटा वाचतो: पैसे, कर, साठा आणि परवानग्या यांच्या कोडमध्ये कोणत्या ओळींना टेस्ट पोचतच नाही, तेवढंच बघतो. तिथे एकही ओळ उघडी नको. जँगोच्या अॅडमिन पानांची, रंगांची आणि रिपोर्टच्या मांडणीची मला टेस्ट नको. ती माणसाच्या डोळ्याने बघायची कामं आहेत.

राहिले तुमचे मालक. "दोन महिने फक्त टेस्ट" असा प्रस्ताव घेऊन गेलात तर ते नाही म्हणतील, आणि त्यांचं चुकत नाही, तुमची दुकानं दोन महिने थांबणार नाहीत. पहिले दोन आठवडे रोजचे दोन-तीन तास मागा, पायासाठी आणि हिशोबाच्या फाइलसाठी. त्यानंतर वेगळा वेळ मागूच नका. एवढाच नियम करा: दुकानातून बगचा फोन आला की आधी तो बग पकडणारी लाल टेस्ट, मग दुरुस्ती. जिथे खरंच तुटतं तिथेच टेस्ट वाढत जातात, हा या पद्धतीचा मोठा गुण. तीन जणांच्या टीममध्ये मी साधारण तीन महिन्यांत शंभर-सव्वाशे टेस्ट झालेल्या बघितल्या आहेत, दोन मिनिटांत चालणाऱ्या. सोबत एक वही ठेवा: तारीख, दुकान, फोन कशासाठी आला, किती तास गेले. आजपासून लिहा, टेस्टचा पत्ता नसतानाच लिहा. मालकांशी पुढचं बोलणं त्या वहीवर होऊ द्या.

सुरुवातीला तुम्ही बहुधा मायग्रेशनपाशी, म्हणजे डेटाबेसची रचना बदलणाऱ्या फाइलींपाशी, अडाल, हे आत्ताच सांगून ठेवतो. टेस्ट चालवताना जँगो कोरा डेटाबेस तयार करतो आणि सगळी मायग्रेशन पहिल्यापासून चालवतो. अडीच वर्षांत कोणीतरी कधीतरी प्रॉडक्शनवर थेट कॉलम जोडलेला असतो किंवा एखादं मायग्रेशन जुना डेटा असेलच असं धरून लिहिलेलं असतं, आणि कोऱ्या डेटाबेसवर ते आपटतं. घाबरून एसक्यूलाइटकडे वळू नका आणि मायग्रेशन बंद करूनही टेस्ट चालवू नका. प्रॉडक्शनचा नुसता आराखडा काढा, कोऱ्या डेटाबेसच्या आराखड्याशी ताडून बघा, फरक तिथे उघडा पडेल. तरीही सुटलं नाही तर आलेली एरर आणि मायग्रेशनच्या फाइलींची यादी इथे टाका, पासवर्ड आणि दुकानांची नावं काढून. मी बघून सांगतो.